भाषाशाळा आणि परका अध्यापक : फोर्ट विल्यम कॉलेजातील नागपूरकर पंडिताच्या निमित्ताने

एखाद्या शिक्षणसंस्थेची योग्यता ठरवावयाची झाल्यास तिचे अभ्यासक्रम, तिच्या परीक्षांचे निकाल आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा लौकिक ह्या गोष्टी पाहण्याचा प्रघात आहे. ती संस्था आपल्या अध्यापकांशी कशी वागली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारला गेलाच तर तो आस्थापनेचा प्रश्न मानून बाजूस सारला जातो. भाषा शिकविणाऱ्या संस्थेच्या बाबतीत मात्र तो असा बाजूस सारता येत नाही. गणिताचा अध्यापक परमुलखातून आणला म्हणून गणित परके होत नाही. परंतु जी भाषा शिकवावयाची तिचा जन्मभाषक म्हणून जो माणूस आणला जातो, तो अध्यापकही असतो आणि अध्यापनाचा विषयही असतो. त्याचा उच्चार हाच पाठ आणि त्याची वाक्ये हीच उदाहरणे. त्याला कोठून आणले, कोणते काम सांगितले, त्याच्या लेखनावर कोणाचे नाव घातले, ह्या वरवर नोकरीतल्या बाबी. पण त्या शेवटी भाषेच्या वर्णनात उतरतात, आणि त्या वर्णनावर पुढच्या पिढ्यांचा त्या भाषेविषयीचा ग्रह उभा राहतो.

परक्या अध्यापकांना नोकरीस ठेवणाऱ्या भाषाशाळांची पारख अध्यापकांच्याच अनुभवावरून व्हावी, त्या अनुभवांची नोंद व्हावी आणि नव्याने जाणाऱ्याने ती पाहून निर्णय घ्यावा, हा विचार गेल्या काही दशकांत जोर धरू लागला. त्याला तशीच कारणेही घडली. जपानातील 'नोव्हा' ही इंग्रजी शिकविणारी त्या देशातील सर्वांत मोठी संस्था २००७ च्या ऑक्टोबरात बुडाली, तेव्हा हजारो परदेशी अध्यापक पगारावाचून परक्या देशात अडकून पडले. ह्या संस्थेच्या जाहिराती घरोघरी ठाऊक होत्या; विद्यार्थ्यांच्या संख्येत तिला तोड नव्हती. म्हणजे ज्या मापांनी शाळा मोजण्याची रीत आहे त्या मापांत ती उत्तीर्ण होती. कोरियात इंग्रजी भाषाशिक्षकाचा ठरीव परवाना सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. अध्यापकाचे पारपत्र हीच तेथे त्याच्या उच्चाराची हमी समजली जाते. भारत सरकारच्या नियमांतही एक तरतूद मनोरंजक आहे. परदेशी माणसास येथे नोकरीचा व्हिसा द्यावयाचा तर त्याचे वेतन एका ठरावीक मर्यादेच्या वर असावे लागते; ह्या अटीतून ज्यांना वगळले त्यांत परदेशी वकिलातींच्या नोकरवर्गाबरोबर आपापल्या देशाचे खाद्यपदार्थ करणारे स्वयंपाकी आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक व अनुवादक हे येतात. स्वयंपाकी आणि भाषाशिक्षक एका ओळीत बसविण्यात नियमकर्त्याचा हेतू वाईट नसेल. दोघांच्याही हातची चव जन्माने येते, शिकून नव्हे, अशी त्याची समजूत मात्र त्यातून उघड होते. ह्या समजुतीचा इतिहास मोठा आहे, आणि त्याच्या एका पर्वाचा नागपूरशी निकटचा संबंध आहे.

मार्क्विस वेलस्ली ह्यांनी १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. कंपनीच्या नवशिक्या मुलकी अधिकाऱ्यांना कायदा, इतिहास, युरोपीय व पौर्वात्य भाषा असे सर्वांगीण शिक्षण द्यावे ही मूळ योजना होती. लंडनच्या संचालकांना तिचा खर्च मानवला नाही. १८०२ मध्ये कॉलेज बंद करण्याचा हुकूम निघाला, तो पुढे सौम्य करण्यात आला, आणि १८०६ मध्ये इंग्लंडात कंपनीचे स्वतंत्र कॉलेज निघाल्यावर, जे हेलीबरी कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले, कलकत्त्याचे कॉलेज व्यवहारत: एक भाषाशाळा होऊन राहिले. १८५४ मध्ये ते मोडले. योगायोगाची गोष्ट अशी की नागपूरचे राज्य खालसा झाले तेही त्याच वर्षी.

ह्या कॉलेजात मराठीचे प्रमुख पंडित वैजनाथ होते. मराठी वाङ्मयेतिहासात ते वैजनाथशास्त्री कानफाडे ह्या नावाने येतात आणि नागपूरकडील विद्वान म्हणून ओळखले जातात. विल्यम कॅरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये, आणि 'सिंहासनबत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५), 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) ही मराठी पुस्तके सेरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडली. भोसल्यांच्या वंशावळीचे एक पुस्तकही ह्याच सुमाराचे आहे. मुद्रित मराठी गद्याचा हा आरंभ होय, आणि तो मुंबईत वा पुण्यात झाला नसून हुगळीच्या काठी झाला. ह्या साऱ्या उद्योगात वैजनाथपंडितांचा हात होता. कॅरी ह्यांनी आपल्या मराठी ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांच्या साहाय्याचा उल्लेख केला आहे.

वैजनाथपंडित कलकत्त्यात 'परके' होते ते केवळ परप्रांतीय म्हणून नव्हे. नागपूरकर भोसले हे १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईपर्यंत निदान नावाने तरी स्वतंत्र राजे होते. त्यांचा प्रजाजन कंपनीच्या मुलखात परराज्यातला ठरे. तोही मित्रराज्यातला नव्हे. अडगावच्या लढाईनंतर १८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना कटक प्रांत कंपनीस द्यावा लागला. ह्या तहाला दोन वर्षे होतात न होतात तोच मराठीचे व्याकरण छापून तयार झालेले दिसते. कलकत्त्याला सर्वांत जवळचे मराठी राज्य नागपूरचे. अर्धशतकाहून अधिक काळ ओरिसा त्यांच्याच अमलाखाली. बंगाल्यात मराठ्यांची ओळख राहिली होती ती 'बर्गी' म्हणजे लुटीला येणारा स्वार ह्या नात्याने. अशा ठिकाणी मराठी शिकविण्यास माणूस हवा असता तो पुण्याऐवजी नागपूरकडचा मिळावा ह्यात नवल नाही. पण हा भूगोलाने आणि युद्धाने घडविलेला प्रसंग होता. तो कोणाच्या भाषिक निवडीचा परिणाम नव्हता, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

आता ह्या भाषाशाळेची नोकरी कशी होती ते पाहू. वेतनाचे मान सर्वश्रुत आहे. हिंदुस्तानीचे प्राध्यापक गिलख्रिस्ट ह्यांना दरमहा १,५०० रुपये मिळत. बंगालीचे अध्यापक म्हणून १८०१ मध्ये आलेल्या कॅरी ह्यांना ५०० रुपये मिळत. ते इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चचे अनुयायी नसल्यामुळे त्यांस प्राध्यापक हे पद देता येत नव्हते, ते १८०७ मध्ये मिळाले व वेतन १,००० झाले. बंगाली विभागाचे प्रमुख पंडित मृत्युंजय विद्यालंकार ह्यांना २००, दुसरे पंडित रामनाथ वाचस्पती ह्यांना १००, आणि त्यांच्या हाताखालच्या पंडितांना प्रत्येकी ४० रुपये अशी बांधणी होती. रामराम बसूंसारखा लेखक ह्या चाळीस रुपयांच्या रांगेत होता. 'बाग-ओ-बहार' चे कर्ते मीर अम्मनही हिंदुस्तानी विभागात चाळीस रुपयांचेच मुनशी होते. म्हणजे ज्यांच्या एकेका पुस्तकाने त्या त्या भाषेच्या गद्याला वळण लावले त्यांचे वेतन आणि त्यांच्यावर नेमलेल्या साहेबाचे वेतन ह्यांत एकास सदतीस असे अंतर पडते.

हे आकडे वाचून लगेच रोष व्यक्त करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दोनशे रुपये ही त्या काळी एका पंडितास मोठी प्राप्ती होती. स्वत: कॅरी कॉलेजात येण्यापूर्वी निळीच्या कारखान्यावर देखरेख करीत, तेव्हा त्यांना दरमहा सुमारे तेवढेच मिळत असे. टोळ चालविणाऱ्या, दानदक्षिणेवर गुजराण करणाऱ्या भट्टाचार्याच्या दृष्टीने पाहता ठरल्या दिवशी रोख पगार देणारा हा धनी वाईट नव्हता. नुसत्या रकमेपेक्षा विचारार्ह आहे ते अंतराचे वाढणे. पंडितांचे मान तेच धरल्यास बंगाली विभागात साहेब अध्यापक आणि प्रमुख पंडित ह्यांच्या वेतनांतील प्रमाण १८०१ मध्ये अडीचपट होते, ते १८०७ मध्ये पाचपट झाले. कॅरी ह्यांना बढती मिळण्यास धर्मपंथाची आडकाठी होती, आणि ती दूर होऊ शकली. पंडिताच्या वाटेतील आडकाठीला नावच नव्हते, म्हणून ती दूर करण्याचा प्रश्नही उद्भवला नाही. प्रमुख पंडित हे पद शिडीचा शेवट होता. मृत्युंजयांनी पंधरा वर्षांनंतर, १८१६ मध्ये, कॉलेज सोडून सुप्रीम कोर्टाच्या पंडिताची जागा पत्करली. त्या शाळेविषयी तेथील अध्यापकाचे खरे मत कोठे नोंदले गेले असेल तर ते ह्या राजीनाम्यात होय. त्यांची 'प्रबोधचंद्रिका' कॉलेजासाठी लिहिली गेली होती; ती छापून निघाली १८३३ मध्ये, ते वारल्यावर चौदा वर्षांनी.

ह्या कॉलेजाविषयी जे साधन मुख्य मानले जाते ते थॉमस रोबक ह्यांनी १८१९ मध्ये संकलित केलेले कॉलेजचे वार्षिक वृत्तान्त. दरवर्षी गव्हर्नर-जनरलसमोर विद्यार्थ्यांचे पौर्वात्य भाषांतून वादविवाद होत, बक्षिसे वाटली जात, आणि नंतर कॉलेजचे 'व्हिजिटर' ह्या नात्याने गव्हर्नर-जनरल भाषण करीत. त्यात वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची प्रशंसा असे. हा कागद बहुमोल आहे ह्यात शंका नाही. पण तो धन्याने लिहिलेला धन्याचा गौरव आहे, हेही तितकेच खरे. आधुनिक भाषाशाळेचे माहितीपत्रक आणि रोबक ह्यांचा ग्रंथ ह्यांचा वाङ्मयप्रकार तत्त्वत: एकच. शिशिरकुमार दास ह्यांनी १९७८ मध्ये ह्या कॉलेजाचा इतिहास लिहिताना ग्रंथाच्या शीर्षकातच साहेबांच्या जोडीला मुनशींना बसविले, आणि वेतनपत्रके व कार्यवृत्ते चाळून त्यांना माणसे म्हणून उभे केले. बर्नर्ड कोन ह्यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात भाषा शिकणे आणि हुकूम चालविणे ह्यांचे नाते उकलले. तथापि ह्या दोन्ही मांडण्यांत मराठी विभाग कडेला राहतो. बंगाली विद्वानांना मृत्युंजय व रामराम, हिंदी-उर्दूच्या विद्वानांना लल्लूलाल व मीर अम्मन आपले वाटले आणि त्यांनी त्यांची बाजू मांडली. मराठी वाङ्मयेतिहासाने वैजनाथपंडितांच्या बाबतीत काय केले, हा प्रश्न येथे टाळता येण्याजोगा नाही.

त्याने जे केले ते साधारणपणे असे. सेरामपूरचे मराठी कृत्रिम, बोजड आणि महाराष्ट्रातील वाचकास परके आहे, असे मत नोंदवायचे. त्याचे कारण म्हणून पंडित नागपूरकडचे होते असे सांगायचे. आणि मुंबई-पुण्याच्या शाळाखात्याच्या उद्योगाकडे वळायचे. अ. का. प्रियोळकरांसारख्या साक्षेपी संशोधकांनी मुद्रणाच्या इतिहासात ह्या पुस्तकांना त्यांचे स्थान मिळवून दिले, हे मान्य करूनही भाषेविषयीचा हा निवाडा पुनर्विचाराविना चालत आलेला आहे असेच म्हणावे लागते. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी सेरामपूरच्या बायबलावर विसंबून न राहता स्वत:चे भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये नवा करार पुरा केला, ही घटना त्या निवाड्याला पुरावा म्हणून पुढे केली जाते. परंतु त्या घटनेवरून सेरामपूरची भाषा मुंबईस चालली नाही एवढेच सिद्ध होते. ती नागपुरी होती म्हणून चालली नाही, हे सिद्ध होत नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या निवाड्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे. नागपूर-वऱ्हाडकडील बोलीची लक्षणे अभ्यासकांना सुपरिचित आहेत. चतुर्थीचा '-ला' ऐवजी '-ले' हा प्रत्यय, 'ळ' च्या जागी 'य' वा 'ल' येणे, 'करून राहिला' असा अपूर्ण क्रियेचा प्रयोग, 'काहून' सारखी अव्यये ही त्यांतली ठळक लक्षणे होत. ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात ह्या बोलीचे नमुने नोंदलेले आहेत. एखादे छापील गद्य 'नागपुरी' ठरवावयाचे तर अशा लक्षणांची गणना करून ते ठरविले पाहिजे. केवळ वाक्यरचना कानाला खटकली म्हणून ती नागपुरी, हा निवाडा बोलीविज्ञानाचा नसून मुंबईकर कानाचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नागपूर दरबारच्या आश्रयाखाली वाढलेल्या पंडिताचे लेखी मराठी आणि त्याच प्रांतातील कुणब्याचे बोलणे ह्या एक गोष्टी नव्हेत. भोसल्यांचा पत्रव्यवहार ज्या मोडी लेखनपद्धतीत चाले ती पेशव्यांच्या दप्तराहून तत्त्वत: भिन्न नव्हती. काशीराव राजेश्वर गुप्ते ह्यांची 'नागपूरकर भोसल्यांची बखर' वाचणाऱ्यास ती समजावून घेण्यासाठी वऱ्हाडी शिकावी लागत नाही. म्हणजे नागपूरच्या शिष्ट मराठीत गद्य लिहिण्याची परंपरा त्या काळी जिवंत होती आणि ती महाराष्ट्रभर वाचता येण्याजोगी होती. असे असता सेरामपूरचे गद्य परके का वाटावे, ह्याचे उत्तर पंडिताच्या जन्मगावात शोधण्याऐवजी त्याला सांगितलेल्या कामात शोधले पाहिजे.

काम काय होते? 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' हे रामराम बसूंच्या १८०१ च्या बंगाली पुस्तकाचे मराठी रूप. जेसोरच्या एका बंगाली जमीनदार-राजाची कथा नागपूरकर पंडिताने कलकत्त्यात बसून मराठीत आणायची. ती वाचणार कोण, तर कंपनीचे सोळा ते वीस वर्षांचे इंग्रज विद्यार्थी. आणि तपासणार कोण, तर महाराष्ट्रात कधीही न राहिलेला प्राध्यापक, ज्याची मराठीची सारी ओळख बंगाली व संस्कृत ह्यांच्या वाटेने झालेली. 'सिंहासनबत्तिशी' व 'हितोपदेश' ह्यांची कथाही फारशी निराळी नाही: एकच पुस्तक प्रत्येक विभागात त्या त्या भाषेत तयार व्हावे, म्हणजे परीक्षेस समान पाठ्य मिळते, ही संस्थेची सोय होती. ह्याच पंडितवर्गाकडून कित्येकदा सेरामपूरच्या मिशनचे भाषांतराचे कामही होत असे. तेथे तर तीसहून अधिक भाषांची भाषांतरे एका छपराखाली, एका देखरेखीखाली चालली होती. अशा कारखान्यात निघालेले मराठी गद्य संस्कृत-बंगाली वळणाचे झाले तर तो कारखान्याचा गुण. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य अध्यापकास मिळाले तेव्हा काय घडते ह्याचा दाखला भोसल्यांच्या वंशावळीत मिळण्याजोगा आहे. तिचा विषय पंडिताच्या घरचा आहे. तिला मागे बंगाली मूळ नाही. तिची भाषा आणि भाषांतरांची भाषा समोरासमोर ठेवून वाक्यगणिक तुलना केल्यास कोणती लक्षणे माणसाची आणि कोणती कामाची, ह्याचा निर्णय होऊ शकेल. पदव्युत्तर प्रबंधास ह्याहून चांगला विषय मराठी गद्याच्या आरंभकाळात क्वचितच सापडेल.

कॅरी ह्यांच्या व्याकरणाला परिचित विषयांवरील संवाद जोडलेले आहेत. त्यांचा विचारही ह्याच दृष्टीने व्हावयास हवा. व्याकरणाचे नियम संस्कृतच्या साच्यावरून बांधता येतात. नित्याच्या व्यवहारातले बोलणे साच्यावरून बांधता येत नाही. ज्याने मराठी घर पाहिले नाही त्याला ती वाक्ये कोणीतरी सांगावी लागतात. आजच्या परिभाषेत त्या सांगणाऱ्यास 'निवेदक' म्हणतात, आणि क्षेत्रकार्य करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाने निवेदकाचे वय, गाव, जात, शिक्षण नोंदवावे असा दंडक आहे. फोर्ट विल्यमचा पंडित निवेदकाचे काम करीत होता, पाठ्यपुस्तके लिहीत होता आणि शिकवीतही होता. संस्थेने मात्र त्याच्या ह्या तिन्ही कामांना 'साहाय्य' ह्या एका शब्दात बसविले. उल्लेख झाला, हे कॅरी ह्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण खरेच, आणि त्यांच्या काळचे कित्येक ग्रंथकार तेवढेही करीत नसत. रॉबर्ट होम ह्यांनी काढलेल्या कॅरी ह्यांच्या प्रसिद्ध तैलचित्रात लिहिणाऱ्या साहेबाच्या बाजूस एक पंडित दाखविलेला आहे, आणि ते मृत्युंजय असावेत असे मानतात. चित्रात लेखणी कोणाच्या हाती आहे, हे सांगण्याची गरज नाही.

हे असेच होणे अपरिहार्य होते काय? त्या काळच्या इतर संस्था पाहिल्या तर तसे दिसत नाही. मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजात (१८१२) देशी अध्यापक व कायदेपंडित तयार करणे हेही संस्थेचे एक उद्दिष्ट होते. तेथील एलिस ह्यांनी तेलुगू, तमिळ, कन्नड ह्या भाषा संस्कृतोद्भव नसून त्यांचे कुल स्वतंत्र आहे, हा सिद्धान्त १८१६ मध्ये मांडला तो तेथील संस्कृत व तेलुगूचे प्रमुख अध्यापक पट्टाभिरामशास्त्री ह्यांच्या धातुसंग्रहाचा नामनिर्देशपूर्वक आधार घेऊन. येथे पंडित हा साहाय्यक नसून प्रमाण आहे. परिणामही तसाच झाला: कलकत्त्याहून व्याकरणे आणि कोश निघाले, मद्रासहून भाषाशास्त्रातला एक मूलभूत शोध निघाला. दोन्ही संस्था त्याच कंपनीच्या, विद्यार्थी त्याच वर्गातले; फरक होता तो अध्यापकाला दिलेल्या स्थानात. ह्या एका कारणानेच सारे घडले असा दावा करणे धाडसाचे होईल, परंतु हे कारण गणतीत धरलेच नाही तर दोन शाळांतील अंतर समजत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरणही बोलके आहे. मुंबईच्या शिक्षणमंडळीच्या आश्रयाने १८२९ मध्ये निघालेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' हा पंडितांचा कोश म्हणून ओळखला जातो. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले ही त्याच्या कर्त्यांची नावे आज कोणाही विद्यार्थ्यास सांगता येतात. कप्तान मोल्सवर्थ ह्यांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश ह्याच परिश्रमाच्या खांद्यावर उभा राहिला. ह्या मंडळींना सत्तेचा धनी तोच होता. परंतु ती आपल्या भाषेच्या मुलखात होती, एकमेकांना दुरुस्त करू शकत होती, आणि नोकरी सुटली तर दुसरा आश्रय मिळण्याजोगा होता. गंगाधरशास्त्री फडके ह्यांनी १८३६ मध्ये स्वत:चे व्याकरण प्रसिद्ध केले. कलकत्त्याच्या पंडिताला ह्यांपैकी एकही सोय नव्हती. परक्या अध्यापकाचे परकेपण ते हेच, वेतनाचा आकडा त्यात गौण ठरतो.

इंग्लंडातील प्रयोगाचा येथे केवळ निर्देश पुरे आहे. हेलीबरीस आरंभी घुलाम हैदर व मिर्झा खलील, आणि १८२६ ते १८४४ ह्या काळात इराणचे मिर्झा महंमद इब्राहीम हे अध्यापक होते. ॲडिस्कंबच्या लष्करी विद्यालयात लखनौचे मीर हसन अली १८१० ते १८१६ पर्यंत शिकवीत होते. मिर्झा इब्राहीम ह्यांनी १८४१ मध्ये स्वत:च्या नावाने फारसीचे व्याकरण इंग्रजीत छापले. परक्या अध्यापकाने धन्याच्याच भाषेत, धन्याच्या देशात, आपल्या भाषेचे वर्णन करावे ही घटना त्या काळी विरळा होती. मराठीला असा अध्यापक त्या कॉलेजात लाभला नाही.

आज अध्यापकांच्या सेवाशर्तींविषयी आंतरराष्ट्रीय मापदंड उपलब्ध आहेत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व युनेस्को ह्यांची १९६६ ची शिफारस आणि उच्च शिक्षणातील अध्यापकांविषयीची युनेस्कोची १९९७ ची शिफारस ह्यांत वेतन, सेवेची शाश्वती, अध्यापनाचे स्वातंत्र्य ह्यांची चर्चा आहे. त्या शिफारशी जुन्या संस्थांना लावणे कालविपर्यासाचे होईल असा आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. शिवाय ह्या मापदंडांत भाषाध्यापकाच्या खास प्रश्नाला स्थान नाही. ज्या संस्थेत अध्यापकाचे बोलणे हेच पाठ्य असते तेथे त्या बोलण्यावर त्याचा हक्क किती, त्यावरून रचलेल्या पुस्तकावर नाव कोणाचे, आणि त्याची बोली प्रमाण नाही असा शेरा पुढे कोणी मारला तर त्याचा जबाब संस्थेने द्यायचा की त्याने, हे प्रश्न वेतनश्रेणीत मावत नाहीत. अलीकडच्या भाषाशाळांविषयी अध्यापक जे अनुभव नोंदवितात त्यांतही पगार थकला, तासिका वाढविल्या, राहण्याची जागा वाईट निघाली, ह्याच तक्रारी फार. त्या खोट्या नाहीत. परंतु केवळ त्यांच्या बेरजेवरून शाळेस गुण देणे म्हणजे फोर्ट विल्यमला ठरल्या दिवशी पगार देत असे म्हणून उत्तम ठरविण्यासारखे आहे.

वैजनाथपंडितांची पुस्तके दोनशे वर्षे 'नागपुरी मराठी' ह्या एका शेऱ्याखाली दडपलेली आहेत. भाषा ज्या शहराच्या नावाने दूषित ठरविली गेली त्या शहरातील विद्यापीठात निदान ही चार पुस्तके मुळातून वाचली जावीत. त्यांतील प्रत्ययरूपांची सूची व्हावी, भोसले दप्तरातील समकालीन पत्रांशी ती ताडून पाहावी, बसूंचे बंगाली मूळ शेजारी ठेवावे, आणि कॅरी ह्यांच्या कोशातील नोंदी पंडितांच्या १८२९ च्या कोशाशी मिळवून कलकत्त्याचा कोणता शब्द मुंबईने घेतला आणि कोणता टाकला हे पाहावे. कॅरी ह्यांचा कोश मोडी लिपीत छापलेला असल्यामुळे त्या कामास मोडीचे चांगले वाचन लागेल.